चॉकलेट वरून नको, आतून घाला: मैदानावर न वितळणारी कोको-शेंगदाण्याची वडी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत, पेठेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो, प्रॅक्टिसनंतर दुकानातला चॉकलेट प्रोटीन बार मागतो आणि रोजचा खर्च परवडत नाही. म्हणून तुम्ही खजूर, ओट्स घालून लाडू केलेत, वरून चॉकलेटचं कव्हर दिलंत, आणि मैदानावर डबा उघडला तर सगळा काला. आता त्यात प्रोटीन पावडर घालावी का, असं विचारताय.

आधी वितळण्याचं बघू. मीही तिथेच अडकले होते. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं. एप्रिलच्या दुपारी कोल्हापूरचा पारा सहज ३७-३८ वर जातो, आणि सायकलच्या कॅरिअरला लावलेल्या दप्तरात त्याहून जास्त ऊब असते. तिथे चॉकलेटचं कव्हर टिकणारच नाही. दुकानात ‘कंपाउंड’ म्हणून स्वस्त स्लॅब मिळतो, तो थोडा जास्त तग धरतो. पण त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते, बऱ्याचदा हायड्रोजनेटेड. पोराला चांगलं खाऊ घालायला बसलोय, तर तो नकोच. चॉकलेट वितळवताना एकदा माझा ओला चमचा भांड्यात गेला आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसलं. पाण्याचा एक थेंब पुरतो. त्या दिवसापासून मी कव्हर देणं सोडलं आणि कोको पावडर वडीच्या आत घालायला लागले. त्याला आता बरीच वर्षं झाली.

दुसरी गोष्ट प्रोटीनची, आणि इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. खजूर, ओट्स आणि चॉकलेटचा २५ ग्रॅमचा लाडू घेतला तर त्यात दोन ग्रॅमही प्रोटीन भरत नाही. खजुरात शंभर ग्रॅममागे जेमतेम दोन ग्रॅम, ओट्समध्ये तेरा. लाडू चांगलाच आहे, खेळायला जाण्याआधी ताकद देईल, पण त्याला प्रोटीनचा खाऊ म्हणता येणार नाही. आपल्या डब्यातल्या जिनसांत शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती ते बघा: भाजलेले शेंगदाणे सुमारे २५ ग्रॅम, पंढरपुरी डाळं (चिवड्यात घालतो ते) २०-२२, तीळ १८, आणि साय काढलेल्या दुधाची पावडर तब्बल ३५. लक्ष्मीपुरीच्या बाजारात एक फेरी मारलीत की हे सगळं किलोच्या भावात मिळतं. शिवाय एकमेकांची उणीव ही मंडळी भरून काढतात. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांतलं लायसिन डाळ्यात भरपूर आणि मेथिओनिन कमी, तिळात नेमकं उलटं. आजीच्या हातच्या डाळं-तिळाच्या लाडवात हा हिशेब आधीपासूनच होता.

आता माझं प्रमाण. शेंगदाणे १५० ग्रॅम, डाळं १५०, दुधाची पावडर ६०, तीळ ४०, कोको ३०, गूळ ८०, काकवी ६०, तूप दोन चहाचे चमचे, चिमूटभर मीठ.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, घाई करू नका. साल काढताना सुरकुतलेला, काळपट, कडवट वास येणारा दाणा दिसला की फेकून द्या. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही. दाणे कोमट असतानाच निम्मे मिक्सरला लावा आणि तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत थांबत थांबत फिरवा. मग त्यातच कोको आणि मीठ घालून पुन्हा फिरवा. सगळी गंमत इथे आहे. कोको पाण्यात किंवा दुधात टाकला की गुठळ्या होतात. शेंगदाण्याच्या कोमट तेलात मात्र तो सुरेख विरघळल्यासारखा मिसळतो आणि त्याचा वास खुलतो. झाकण उघडलंत की स्वयंपाकघरभर चॉकलेटचा घमघमाट सुटतो. मुलाला चॉकलेट हवंय ना, ते त्याला इथे मिळतं.

कोको घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ नको, त्यात साखरच जास्त. घटकांमध्ये फक्त कोको लिहिलेला हवा. फिका, किंचित आंबट असतो तो नैसर्गिक. गडद आणि सौम्य असतो तो अल्कली प्रक्रिया केलेला, त्यात कोकोतले फ्लॅव्हनॉल नावाचे उपयोगी घटक बरेच कमी होतात. मी नैसर्गिक घेते. त्याचा आंबटपणा काकवीत मुरून जातो.

आणि काकवीसाठी तर आपण भाग्यवान. बाहेरगावचे लोक बार चिकटायला मध, राइस सिरप असलं काय काय शोधत बसतात. आपल्याकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की पन्हाळ्याच्या वाटेवर, कागलकडे, कुठेही ताजी काकवी मिळते. नुसत्या गुळाची वडी दुसऱ्या दिवशी चिक्कीसारखी कडक होते. काकवी घातली की मऊ राहते, कारण तिच्यातली साखर गुळासारखी खडा धरत नाही. बरणी फ्रीजमध्ये ठेवलीत तर पुढे बरेच दिवस पुरते. गूळ मात्र पिवळाधमक घेऊ नका. तो रंग आणायला काही ठिकाणी हायड्रॉस नावाचं रसायन वापरतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आपल्याला अभिमानही आहे, पण गुळाचा रवा (ढेप) निवडायचा तो तपकिरी. तसाही कोकोत रंग कुणाला दिसतोय!

उरलेले दाणे जाडसर कुटा. डाळं जरा गरम करून बारीक पीठ करा, तीळ तडतडेपर्यंत भाजा. जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ, काकवी घाला, पाणी घालू नका. गूळ विरघळून फेस वर आला की थेंब पाण्यात टाकून बघा. मऊ गोळी झाली की गॅस लगेच बंद. टणक गोळी झाली तर पाक पुढे गेला, मग वडी दाताला लागते. आता कोकोचं मिश्रण, मग कूट, तीळ, डाळ्याचं पीठ. दुधाची पावडर सगळ्यात शेवटी, हात लावता येईल इतपत निवल्यावर. कढत पाकात ती रवाळ होते आणि तिच्या गाठी वळतात. कोरडं वाटलं तर आणखी चमचाभर काकवी घाला, दूध नको. दुधाने वडी दोन दिवसांत वास मारू लागते. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापा, कोमट असतानाच वीस वड्या पाडा. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात, फ्रीज लागत नाही.

हिशेब सांगते. सगळं मिळून प्रोटीन १०४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वडीमागे पाच ग्रॅमच्या थोडं वर आणि उष्मांक सुमारे १२५. दोन वड्यांत साधारण दहा ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात, त्यावरून अंदाज येईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रोटीन लागतं. खेळणाऱ्याचं थोडं जास्त धरा. म्हणजे दोन वड्यांनी पाव वाटा उचलला. बाकीचं उसळ, आमटी, अंडी, दूध यांतून आलं पाहिजे. दोनच्या वर देऊ नका, कारण वडीमागे सात ग्रॅम गूळ-काकवीही आहे आणि दाण्याचं तेलही.

प्रोटीन पावडरीबद्दल माझं मत: नववीतल्या, घरचं नीट जेवणाऱ्या मुलाला तिची गरज नाही. आपल्या कोल्हापुरात गंगावेशीला म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आणि बदाम-खारकेची थंडाई घोटून इथल्या तालमीत पैलवान तयार झाले. आहारतज्ज्ञांनी सांगितलंच, तर दुधाच्या पावडरीऐवजी तेवढीच व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) घाला. वडीमागे प्रोटीन साडेसहापर्यंत जाईल. मात्र ती वडी चार-पाच दिवसांत चिवट होत जाते, म्हणून निम्म्या प्रमाणात करा. सोयाबीनचं पीठ घालायचा विचार असेल तर भाजलेल्या सोयाबीनचंच हवं. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रोटीन पचू देत नाहीत आणि पोट बिघडतं.

कोकोत थोडं कॅफिन असतं. वडीत ते अगदी किरकोळ, तरी मी रात्री झोपताना देत नाही. प्रॅक्टिस संपल्यावर पाणी पिऊन झालं की लगेच देते. आणि एक कराच: मैदानावर डबा एकट्याचा राहत नाही, चार हात आत जातात. टीममधल्या कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी नाही ना, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या आयांना विचारून घ्या.