विडंबन, विटंबना आणि फ्रेडीची मिशी

प्रश्न असा आहे. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' या 1984 सालच्या गाण्याच्या व्हिडिओवरील एका मजकुरात तीन वाक्ये आली आहेत: 'हा व्हिडिओ एका दूरचित्रवाणी मालिकेचे विडंबन आहे', 'त्यात स्त्रियांची विटंबना झाली आहे' आणि 'जो व्हिडिओ ब्रिटनमध्ये डोक्यावर घेतला गेला तोच अमेरिकेत नडला, ही विडंबनाच'. हे तिन्ही शब्द एकच आहेत का, आणि तिन्ही ठिकाणी ते योग्य आहेत का, असे विचारले आहे.

मूळ एकच आहे. संस्कृतातील 'विडम्ब्' या धातूचा अर्थ अनुकरण करणे असा आहे आणि त्यात कुचेष्टा असलीच पाहिजे असे नाही. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू कमळांची छत्री आणि काशफुलांच्या चवऱ्या घेऊन रघुराजाची नक्कल करतो, पण रघूची शोभा काही त्या ऋतूला साधत नाही. तेथे कालिदासाने हाच धातू वापरला आहे आणि त्यात रघूचा अपमान नसून गौरवच आहे. नक्कल करता करता टिंगल होते आणि टिंगल हाताबाहेर गेली की अप्रतिष्ठा होते, अशा उतरणीवरून हा शब्द मराठीत आला आणि येताना दुभंगला. वरची पायरी 'विडंबन' या नपुंसकलिंगी शब्दाकडे राहिली, तर खालची 'विटंबना' या स्त्रीलिंगी रूपाकडे गेली. ('विटणे' किंवा 'विटाळ' यांच्याशी विटंबनेचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा.)

मराठीत विडंबन होते ते कृतीचे, शैलीचे, कवितेचे. विटंबना होते ती माणसाची, पुतळ्याची, ध्वजाची, मृतदेहाची. अत्रे यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' (1925) लिहिली, त्यात समकालीन कवींच्या कवितांची विडंबने आहेत. 'कवींची विटंबना' असे म्हटले तर तो थेट आरोप होतो, आणि तसा आरोप करणारा मनुष्य बहुधा त्या कवींपैकीच एखाद्याचा भक्त असतो.

आता व्हिडिओकडे येऊ. बेसवादक जॉन डीकन याने लिहिलेल्या या गाण्याचा व्हिडिओ डेव्हिड मॅलेट यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात 'कॉरोनेशन स्ट्रीट' या 1960 पासून चालू असलेल्या ब्रिटिश मालिकेतल्या घरांची नक्कल आहे. बँडमधले चौघेही स्त्रीवेषात आहेत. ब्रायन मे केसांना कर्लर लावून अंथरुणातून उठतो, आणि ते कर्लर पाहताच ब्रिटिश प्रेक्षकाला मालिकेतली हिल्डा ऑगडेन आठवते. रॉजर टेलर शाळकरी मुलगी झाला आहे, तर डीकन वर्तमानपत्र वाचत बसलेली आजी. लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बुलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, टोप, गुलाबी ब्लाउज आणि चामड्याचा आखूड स्कर्ट घालून दिवाणखान्यात व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो. मिशी मात्र जशीच्या तशी आहे.

माझ्या मते शब्दाचा निर्णय या मिशीवरच होतो. बालगंधर्व स्त्री भूमिका करत तेव्हा पाहणाऱ्याला पुरुष दिसू नये ही धडपड असे, म्हणून त्याला कोणी विडंबन म्हणत नाही. येथे मिशी ठेवून स्कर्ट घातला आहे, म्हणजे 'हे सोंग आहे' असे सोंग आणणाराच सांगतो आहे. गंमत अशी की त्याच व्हिडिओच्या मधल्या भागात मर्क्युरी रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर बॅले नर्तक निजिन्स्कीच्या प्रसिद्ध वनदेवाच्या भूमिकेत येतो आणि त्या प्रसंगासाठी त्याने मिशी काढली होती. तो भाग अनुकरणाचाच आहे, पण कालिदासाच्या अर्थाने. आजच्या मराठीत त्याला विडंबन म्हणता येणार नाही.

म्हणून पहिले वाक्य बिनचूक आहे. दुसऱ्या वाक्यात शब्द चुकलेला नाही, लेखकाचे मत त्यात उतरले आहे. व्हिडिओतला विनोद त्या मालिकेवर आणि चौघांच्या स्वतःच्या रॉकवाल्या रुबाबावर आहे, त्यामुळे मला 'विटंबना' अतिशयोक्त वाटते. पण विडंबनाला एक अट असते, ती म्हणजे मूळ वस्तू पाहणाऱ्याला ठाऊक असावी लागते. ब्रिटनमध्ये ती घरोघरी ठाऊक होती आणि गाणे तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. अमेरिकेत ती मालिका बहुतेकांच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे अनेकांना फक्त लुगडी नेसलेले पुरुष दिसावेत तसे काहीसे दिसले. एमटीव्ही या तिथल्या संगीतवाहिनीने व्हिडिओला थारा दिला नाही आणि गाणे 45 व्या क्रमांकावरच अडले. या व्हिडिओने अमेरिकेत आपले नुकसान केले, असे मे यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मूळ गाळून फक्त नक्कल पाहणाऱ्याला विडंबनाच्या जागी विटंबना दिसते, मग ती स्त्रियांची वाटो की पुरुषांची.

तिसरे वाक्य मात्र बदलावे. 'विडंबना' या रूपाचा तेथे अपेक्षित अर्थ, म्हणजे नशिबाने उलटा हात दाखवणे, हा हिंदीतला आहे आणि वृत्तवाहिन्यांच्या मराठीतून तो अलीकडे सर्रास ऐकू येतो. मराठीत त्यासाठी 'दैवदुर्विलास' हा भारदस्त शब्द आहे. एका व्हिडिओसाठी तो फार जड वाटत असेल, तर 'जो व्हिडिओ ब्रिटनमध्ये डोक्यावर घेतला गेला, नेमका तोच अमेरिकेत नडला' एवढेच लिहावे, कारण त्यातले 'नेमका' हे काम पुरेसे करते.