चहातली गोळी आणि फिटची गोळी

ताई, भाऊ 27 वर्षांचा, शिरवळला कंपनीत शिफ्टमध्ये, आठ महिन्यांत तीनदा फिट आली आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली, असं तुम्ही लिहिलंय. जिम लावल्यापासून तो रोज दोन-तीन डाएट कोल्ड्रिंक पितो, चहातही साखरेऐवजी गोळी टाकतो. त्यातल्या अ‍ॅस्पार्टेमने, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या कृत्रिम गोडानेच फिट येते असा मेसेज घरी फिरला, आणि आता आई म्हणतात की ते गोड बंद करू, म्हणजे डॉक्टरांच्या गोळीचीही गरज उरणार नाही. पहिलं खुशाल बंद करा. दुसऱ्याला हात लावू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

मला पहिली फिट 19व्या वर्षी आली. आत्याने नाकाशी चप्पल धरली होती. शुद्धीवर आल्यावर पहिला वास तोच. आता 47 पूर्ण आहेत. 41व्या वर्षी शुगर निघाली, सकाळची एक गोळी लागली आणि चहात साखरेच्या जागी या पांढऱ्या टिकल्या आल्या. त्याआधी चार वर्षं फिट नव्हती. टिकल्या सुरू झाल्या आणि दीड महिन्यात दोनदा आली. मग मला काय वाटलं असेल? जे तुमच्या आईंना वाटतंय तेच.

पण मी हिशोबाची बाई. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वह्या लिहिते. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकटीत लाल पेनाने लिहायला लागले. फिट आली की ‘फि’, आणि दिवसभरात चहात किती टिकल्या गेल्या तो आकडा. एरवी चार. पाच महिन्यांनी बघते तर तीन ‘फि’, आणि तिन्हींच्या चौकटीत किंवा आदल्या चौकटीत टिकल्या दहा-बारा. झालं, चोर सापडला! कॅलेंडर गुंडाळून मिरजेला डॉक्टरांसमोर पसरलं.

त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "या दिवशी एवढा चहा का?"

"संकष्टी होती. उपास."

"मग सकाळची फिटची गोळी?"

मी गप्प. रिकाम्या पोटी नको म्हणून ती गोळी मी त्या दिवशी रात्री चंद्र बघून जेवल्यावर घेत होते, म्हणजे नऊ-साडेनऊला. शुगरची मात्र सकाळीच, न चुकता. दिवसभर पोटात वाटीभर साबुदाणा आणि चहावर चहा. फिट आणि टिकल्या एकाच दिवशी येत होत्या हे खरंच होतं, पण दोघींना घेऊन येणारा उपास होता. तो मी कॅलेंडरवर लिहिलाच नव्हता, कारण चतुर्थी तिथे आधीच छापलेली असते.

त्यांनी उपास बंद करायला सांगितला. मी हट्टी, आणखी एक धरला, फक्त फिटची गोळी वेळेवर घेतली. दुपारी चारला हात थरथरायला लागले, घाम फुटला. मशीनवर शुगर 58. सत्तरच्या खाली गेली की ती कमी धरतात, आणि फार खाली गेली तर त्यानेच फिट येऊ शकते. पेलाभर साखरपाणी प्यायले, नवऱ्याची बोलणी खाल्ली, आणि उपास सोडला तो कायमचा. आता संकष्टीला गणपती मंदिरात जाऊन येते आणि दुपारी जेवते. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पुढच्या चतुर्थीला मात्र त्यांनीच ताट वाढलं. त्यानंतर एकदाच फिट आली, पुतणीच्या लग्नातल्या जागरणाने. चहातल्या टिकल्या आजही चालू आहेत.

म्हणून मेसेज पाठवणाऱ्याला मी खोटारडा म्हणत नाही. त्याने दोन गोष्टी शेजारी पाहिल्या असतील. पण हा संशय काही आजचा नाही. कोल्ड्रिंकमध्ये हे गोड घालायला अमेरिकेत 1983 मध्ये परवानगी मिळाली, आणि थोड्याच काळात फिट आल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पुढे 1995 मध्ये एक तपासणी छापून आली. अ‍ॅस्पार्टेमने आपल्याला फिट येते असं ठामपणे सांगणारी 18 माणसं घेतली, दवाखान्यात ठेवून मेंदूचा आलेख काढत राहिले. एक दिवस खरं अ‍ॅस्पार्टेम दिलं, एक दिवस नुसतं नावाला औषध, कोणतं कधी ते कुणालाच माहीत नाही. डोस वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम. चहाच्या एका टिकलीत साधारण 18 ते 20 मिलिग्रॅम असतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीडशे टिकल्या एका दिवसात. अ‍ॅस्पार्टेम घेतल्यावर एकालाही फिट आली नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. 1992 मध्ये कॅनडात दहा मुलांवर तपासणी झाली. या मुलांना क्षणभर टक लावून थबकणारी फिट होती आणि औषध अजून सुरू नव्हतं. त्यांच्या आलेखातल्या फिटच्या लहरी अ‍ॅस्पार्टेमनंतर वाढलेल्या दिसल्या. मुलं दहाच, डोस मोठा, पण दिसलं ते दिसलं. म्हणून कोल्ड्रिंक बंद करायला मी अडवत नाही. त्यात नुकसान काहीच नाही, पैसेच वाचतील.

फक्त त्यावरून निकाल लावू नका. आठ महिन्यांत तीन म्हणजे मधे अडीच-तीन महिने तसेही कोरडे जातात. कोल्ड्रिंक सोडून दोन महिने फिट आली नाही, तर आई म्हणतील "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि गोळी बंद होईल. फिटची गोळी एकदम तोडली तर एकामागून एक फिट येत राहू शकते, मधे शुद्धच येत नाही, थेट आयसीयू. हा धोका टिकलीत नाही.

आधी बाटली आणि जिमच्या पावडरचा डबा हातात घ्या. त्यावरच्या घटकांच्या यादीत अ‍ॅस्पार्टेमचा आकडा 951. पुष्कळ डब्यांवर 955 सापडेल, ते सुक्रालोज, म्हणजे मेसेजमधलं गोड त्यात नसेलही. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत कॅफिन किती तेही वाचा, कारण ते झोप खातं. आणि माझा खरा संशय झोपेवरच आहे. रात्रपाळी करून आलेला पोरगा झोपायचं सोडून जिमला जातो का? शिफ्ट बदलली की गोळीची वेळ घसरते का? डॉक्टरांकडून रात्रपाळी नको अशी चिठ्ठी घेता येते, मागून बघा.

एमआरआय झालाय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली तर तो लागतोच. आपल्याकडे मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या हे एक नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर उपचार आहेत. गोळीने भाऊ चिडचिडा झालाय असं म्हणता, तर नाव बघा. लेव्हेटिरासिटॅम असेल तर तसं होतं. त्यासाठी औषध किंवा डोस बदलून मिळतो, फक्त तो बदल डॉक्टरांनी करायचा.

हायवेवर बाइक मात्र सध्या नाही म्हणजे नाही. लायसन्सच्या अर्जातही फिटबद्दल विचारलेलं असतं, ते उगाच नाही.

आणि आईंना एवढं शिकवा: फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली की दवाखाना. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू देत.

मागच्या तीन फिटच्या आदल्या रात्री कोणती शिफ्ट होती, किती तास झोपला आणि गोळी किती वाजता घेतली, एवढं त्याला आठवून लिहायला सांगा. डब्यावरचे आकडेही लिहा, मग बोलू.