पायथॉनमध्ये फाइलमध्ये लिहितोय, एरर येत नाही, पण फाइल रिकामीच. काय चुकतंय?

प्रश्न: पायथॉन नवीनच शिकतोय. नोंदी विचारून फाइलमध्ये लिहिणारा छोटा प्रोग्रॅम केलाय. चालतो, पण नोटपॅडमध्ये बघितलं तर फाइल कोरी. एक जण म्हणतो शेवटी फाइल बंद करणारं क्लोज लिही, दुसरा म्हणतो गरज नाही. नक्की काय?

उत्तर: गरज आहे. नाही म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस. मला क्लासमधल्या सरांनी हेच सांगितलं होतं, ‘प्रोग्रॅम संपला की फाइल आपोआप बंद होते, उगाच ओळी वाढवू नका.’ मी नाही वाढवल्या, आणि भुर्दंड पडला आमच्या तात्यांना.

तात्या म्हणजे माझे चुलते, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. दीडशेच्या आसपास सभासद. आठ वर्षांपूर्वी मी त्यांना संकलनाचा प्रोग्रॅम करून दिला. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकायचं, एंटर मारला की पुढची किटली. प्रत्येक वेळच्या संकलनाची वेगळी फाइल, ती सुरुवातीला एकदा उघडायची. क्लोज कुठंच नाही. पहिलं दहा दिवसांचं बिल पैशापर्यंत जुळलं. मग मीच आग्रह करून रजिस्टर लिहिणं बंद करायला लावलं.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. वळीव आला आणि लाइट गेली. यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि बसला. तोवर ११८ जणांचं दूध मापून कॅनमध्ये ओतलेलं. लाइट आल्यावर फाइल बघतो तर शून्य बाइट. स्क्रीनवर एकेक नोंद पडताना मी डोळ्यांनी पाहिली होती!

कारण पुढं चार दिवसांनी कळलं. पायथॉन प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पाठवत नाही. आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठवतो आणि तो भरला की एकदम पुढं ढकलतो. तेव्हा हा बफर साधारण ८१९२ बाइटांचा असायचा. माझी ओळ ‘११८,४.५,६.८,९.१’ अशी, वीस बाइटांच्या आतली. ११८ ओळी मिळून अडीच केबीसुद्धा होत नाहीत. म्हणजे बफर एकदाही भरला नव्हता, सगळं संकलन मेमरीतच होतं आणि लाइटीबरोबर गेलं.

तात्या एवढंच म्हणाले, ‘वहीत लिवलं असतं तर लाइट गेली म्हणून पुसलं असतं काय रं?’ लिटर ज्यानं त्यानं सांगितलं ते धरलं, फॅट सकाळचं धरलं. तोंडी आकड्यांची बेरीज कॅनपेक्षा ३१ लिटर जास्त भरली. तेवढे पैसे तात्यांनी खिशातून घातले. भांडत बसले नाहीत, मलाही परत काही बोलले नाहीत.

तुझं बहुतेक असं होतंय: प्रोग्रॅम पुढची नोंद विचारत थांबलेला असतो तेव्हाच तू नोटपॅड उघडतोस, किंवा स्टॉपचं बटण दाबून तो मधेच मारतोस. ‘विथ’ घालून फाइल उघड, ब्लॉक संपला की ती बंद होतेच. लूप लांबलचक असेल तर प्रत्येक नोंदीनंतर फ्लश कर, म्हणजे बफर भरायची वाट न बघता मजकूर लगेच पुढं जातो. तरीही कोरी दिसली तर मोड बघ. ‘डब्ल्यू’ मोड फाइल उघडतानाच जुना मजकूर पुसतो, नोंदी वाढवायच्या असतील तर ‘ए’ पाहिजे. आणि बघतोयस ती फाइल तीच आहे ना? नुसतं नाव दिलं तर फाइल प्रोग्रॅम जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये तयार होते, कोडशेजारी होईलच असं नाही. पूर्ण पाथ प्रिंट करून बघ, अर्धे लोक इथंच अडकतात.

सरांना नंतर मुद्दाम भेटून हे सांगितलं. म्हणाले, ‘लाइट जाणं हा प्रोग्रॅमचा दोष नव्हे.’ मला आजही ते पटत नाही. वळीव दरवर्षी येतो, आणि संध्याकाळचं संकलन काही त्याच्यासाठी थांबत नाही. लिहिणाऱ्यानं लाइट जाणार हे धरूनच लिहायला पाहिजे. आता माझा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीला फाइल उघडतो, लिहितो, बंद करतो. शेजारी तात्यांचं रजिस्टरही चालू असतं, ते मी कधीच बंद करायला सांगणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. प्रोग्रॅम नीट शेवटपर्यंत चालून संपला तर नेहमीचा पायथॉन बफर रिकामा करतो, तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. आणि क्लोज किंवा फ्लश केलं तरी मजकूर फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जातो. लाइटीची भीती असेल तर फाइल बंद करायच्या आधी फ्लश आणि त्यामागोमाग ‘ओएस’ मॉड्यूलमधलं ‘एफसिंक’ लाव, ते मजकूर डिस्कवर उतरवायला लावतं. त्यानं वेग कमी होतो म्हणतात, पण दीडशे नोंदींना तात्यांच्या जुन्या मशिनवरही तो जाणवत नाही.