चार्ट घरी ठेव आणि मानशीवर ये

बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला, फोनवर उत्तर टाइप करायला लागलो तर लांबतच गेलं, म्हणून हे पत्रच समज. शाळेतल्या मुलांना निसर्ग दाखवायला न्यायचा तुझा प्लॅन बघितला. बारा शनिवार, बारा जागा, बोंडला, मोले, चोडण, मोरजीची कासवं, वर सगळं रंगीत. मेहनत दिसते गो. पण माझं ऐकशील तर त्यातल्या अकरा जागा खोडून टाक.

रागावू नकोस, मीपण हेच केलंय. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील, बेचाळीस मुलं घेऊन सालीम अली अभयारण्य दाखवायला चोडणला गेलो. रायबंदरला फेरीबोटीत चढल्यापासून डोकी मोजायला लागलो ते घरी येईपर्यंत डोकीच मोजत होतो. अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आमचा आवाज त्याहून मोठा, एक पक्षी जागेवर राहिला नाही. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला तर बहुतेकांनी फेरीबोट आणि आइस्क्रीम लिहिलं. (फेरीबोट मात्र झकास लिहिली होती, इंजिनाच्या वासासकट.)

तुझ्या शाळेच्या मागे चालत दहा मिनिटांवर खाजन आहे, नदीकाठची बांध घातलेली शेतं, आणि मानस आहे, म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. वर्षभर तिथेच जा. पहिले दोन शनिवार नुसती मस्ती होईल, तिसऱ्या वेळी "परत इथेच?" म्हणतील, म्हणू देत.

आमच्या मानशीवर एकदा काय झालं सांगतो. ओहोटी लागत होती, दारं अजून बंद. एका पोराने आतल्या बाजूला करवंटी सोडली, ती तरंगत आली आणि दाराला टेकून थांबली. मुलं म्हणाली अडकली, काठीने ढकलूया. मी म्हटलं, बसा जरा. वीसेक मिनिटं गेली असतील, नदीचं पाणी उतरत गेलं, दार किंचित हललं, बोटभर फट पडली, मग हातभर, आणि करवंटी सुळकन बाहेर. तो पोर ओरडला, "सर, कोणी उघडलं नाही, पाण्यानेच उघडलं!" झालं ना. ना मोटर, ना बटण. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं म्हणून दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं म्हणून उघडतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या जुन्या लोकांनी ही अक्कल लढवली, आणि कोरगुट भात तेवढं थोडं खारट सोसतं. हे सगळं मी त्या दिवशी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तोपर्यंत दोन महिने गेले होते. तुला गप्प बसणं जड जाईल. मला अजून जातं.

बांधाच्या कडेला तिवर असेल, त्याचं पान आधी तू चाटून दाखव. झाड पानातून मीठ बाहेर टाकतं हे जिभेला कळल्यावर पुस्तकात वाचायला वेगळीच मजा येते. चिखलातून पेन्सिली उभ्या असाव्यात तशी मुळं दिसतील, ती श्वास घेण्यासाठी, त्यावर पाय देऊ नका म्हणावं.

आणि माट्टी. क्विझमध्ये गोव्याचा राज्यवृक्ष कोणता विचारलं की सगळे हात वर, पण झाड ओळखा म्हटलं की वर्ग शांत. गंमत म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतो ना, तिच्यात त्याचीच पाच पंखांची फळं बांधलेली असतात. म्हणून चवथीच्या आधी एखाद्या आजीला शाळेत बोलाव, माटोळीला लागणारी कांगलां कुठे मिळतात, माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी कशी, हे ती तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मानधन द्यायला विसरू नकोस, निदान नारळ आणि साडी.

हेडमास्तर पोर्शन पुरा होणार नाही म्हणतील. त्यांना २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखव, सहावी ते आठवीत १० दिवस दप्तराविना, माळी-सुतार-कुंभारांबरोबर काम शिकायचं असं त्यात आहे, मग मानशीचं दार सांभाळणारा माणूस का चालू नये? आणि ग्रुपवर युनिफॉर्म मळला म्हणून लिहिणाऱ्या पालकांना चष्म्याचं सांग. चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, ३ वर्षांनी बाकीच्या मुलांत शंभरातल्या चाळीसेकांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, यांच्यात तिसेकांना. जादू नाही, पण पालक ऐकतात. चिखलावर भाषण दिलंस तर ऐकणार नाहीत.

भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघ, मी एकदा न बघता गेलो आणि तीन चपला अजून त्या खाजनात आहेत. पाऊस जोरात असेल तर बांधावर अजिबात नको. दोन मोठी माणसं बरोबर हवीतच. बिळात हात घालायचा नाही एवढा एकच नियम कर, पण तो कडक. कुर्ल्या चावतात हे कारण पुरे, सापाचं नाव काढलंस तर निम्मी पोरं मुद्दाम घालतील.

पहिल्या शनिवारी मीपण येतो, मागे उभा राहीन, बोलणार नाही (बघू). लॅमिनेट केलेले पक्ष्यांचे चार्ट घरी ठेव, जुने कपडे घाल, आणि करवंट्या आण, चार-पाच तरी.