जुन्या मराठी साहित्यात लग्न म्हणजे फक्त पवित्र बंधन आणि पतिव्रता, एवढंच आहे का?

अजिबात नाही हो. तुम्ही विचारलंय तर 'संगीत शारदा' वाचाच. देवलांचं नाटक, 1899 चं. बाप पैशांसाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' हे पद माझी आजी भाजी निवडताना गुणगुणायची, मला लहानपणी ते नुसतं गमतीचं गाणं वाटायचं. कॉलेजात नाटक वाचलं तेव्हा त्यातली आकडेमोड कळली, पाऊणशे म्हणजे 75, आणि मग ते पद पुन्हा तसं ऐकवेना.

पण मला जास्त लागलं ते पुढचं, ते लग्न शेवटी मोडतं ते वयामुळे नाही, तर वर-वधू सगोत्र निघतात म्हणून! म्हणजे पोरीच्या वयाचं, तिच्या मनाचं कोणालाच काही नाही, गोत्र एक निघालं की मात्र भर मांडवात सगळं थांबतं. देवलांनी हे दाखवलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

दुसरं, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!'. 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः यायची. यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते, माहेर, सासर, सासरचा जाच सगळं. लोक म्हणतात रडकी कादंबरी आहे, मला नाही पटत. नवऱ्याबरोबर ती मुंबईला बिऱ्हाड करते तो भाग बघा, तो तिला वाचायला लावतो, दोघं मोकळेपणाने बोलतात, वाड्यात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एक शब्द बोलायची सोय नव्हती त्या काळात हे! इतका सुखाचा संसार त्या वेळच्या मराठीत मी तरी दुसरीकडे वाचला नाही. म्हणून तर तो गेल्यावर तिचं बळजबरीने केशवपन करतात ते वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागलं मला, दोन दिवस परत उघडलं नाही.

म्हणजे लग्न वाईट असं आपटे कुठेच म्हणत नाहीत, उलट चांगलं लग्न कसं असू शकतं ते आधी दाखवतात आणि मग समाज बाईकडून काय काय हिसकावून घेतो ते. संमतिवयाचा कायदा 1891 चा, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय 10 वरून 12 केलं तर पुण्यात केवढा वाद पेटला होता, आणि कादंबरी नेमकी त्याच दिवसांत येत होती.

सुरुवात यमूपासून करा. भाषा जुनी आहे पण पन्नासेक पानांत सवय होते.