पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या इस्पितळात जखमी भारतीय शिपायांना कसं ठेवत?

खाण्यापिण्याची, औषधपाण्याची सोय उत्तम होती, पण बाहेर फिरायची मोकळीक फारशी नव्हती. ब्रायटनचा राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, 1914च्या डिसेंबरात भारतीयांचं इस्पितळ झाला. झुंबराखाली खाटा, जातधर्म पाळून नऊ स्वयंपाकघरं, वॉर्डात हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. त्यांच्या पत्रांची सेन्सॉरने केलेली भाषांतरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांतून हे आयुष्य कळतं. मात्र पत्रं तपासली जातात हे शिपायांना ठाऊक होतं, म्हणून कौतुक जपूनच वाचावं. खरं दुःख ते आडून लिहीत: त्यांच्या सांकेतिक भाषेत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई. बरं झालेल्याला पुन्हा आघाडीवर धाडत, हा घाव त्यांना फार लागला होता.