बंड्याच्या छातीतले जंत आणि चौदाशे डॉलर

प्रश्न : ताई, आम्ही ह्यूस्टनला असतो. तीन महिन्यांपूर्वी शेल्टरमधून एक कुत्रा आणला, नाव बंड्या, अंदाजे तीन वर्षांचा, २५ किलो. परवा व्हेटकडे नेला तर रक्त तपासून म्हणाले हार्टवर्म पॉझिटिव्ह, आणि हातात चौदाशे डॉलरचं एस्टिमेट ठेवलं. बंड्या तर ठणठणीत दिसतो, थोडा खोकतो इतकंच. नुकतंच घराचं लोन झालंय, पैशाची ओढाताण आहे. सासरे इकडे आलेत, ते म्हणतात गावाकडे आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जंतावरची गोळी पाच-दहा रुपयांत मिळते, पुढच्या महिन्यात दीर येतोय त्याच्याकडून मागवू. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, तिला होईल का ही पण भीती. काय करू?

उत्तर : अगं आधी मुलीचं सांगते म्हणजे तुझी झोप लागेल. बंड्याने तिला कितीही चाटलं तरी हे होत नाही, हा जंत कुत्र्याकडून कुत्र्याकडेसुद्धा थेट जात नाही, मधे डास लागतो. डास चावून माणसाला क्वचित लागण होते पण माणसाच्या अंगात तो जंत सहसा मोठाच होत नाही. तेव्हा तो विषय संपला.

आता बंड्या. ठणठणीत दिसतोय म्हणतेस आणि खोकतोय पण म्हणतेस, तो खोकला त्याचाच आहे बघ. हा डायरोफिलारिया नावाचा जंत, डासातून अळी आत शिरते आणि साधारण सहा-सात महिन्यांत मोठी होऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात राहते. मादी जवळजवळ फूटभर लांब. मी पहिल्यांदा पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर बघितले तेव्हा वाटलं कुणीतरी शिजवलेल्या शेवया ओतल्यात. औषध दिलं नाही तर पाच-सात वर्षं आत राहतात. टेक्सासमध्ये डास वर्षभर असल्यामुळे तिकडे हे फार कॉमन आहे, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही, शेल्टरला आला तेव्हाच बहुतेक त्याच्यात असणार.

सासऱ्यांची गोळी मात्र आणू नकोस. त्यांचा हेतू चांगला आहे, गावाकडे गुरांना देतातच ना, पण हिशोब बघ. हार्टवर्म होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा जी आयव्हरमेक्टिन देतात तिचा डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे तुझ्या २५ किलोच्या बंड्याला १५० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे माणसांसाठी १२ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती त्याच्या ८० पट. रक्तात बारीक अळ्या भरपूर असतील आणि त्या एकदम मेल्या तर कुत्रा शॉकमध्ये जातो, शिवाय त्याच्यात कोली जातीचं रक्त मिसळलेलं असेल तर मेंदूवरच परिणाम. शेल्टरच्या कुत्र्यात काय काय मिसळलंय ते कोण सांगणार? आणि एवढं करून मोठे जंत त्या गोळीने पटकन मरत नाहीतच.

मोठे जंत पटकन मारायचं औषध एकच, मेलार्सोमिन, ते आर्सेनिकचं आहे, म्हणजे आपलं सोमलच म्हण ना, म्हणून ते व्हेटच्याच हातून, कमरेच्या खोल स्नायूत. रीत साधारण अशी असते, आज निदान झालं की आधी दुसऱ्या टेस्टने खात्री करतात (हे झालंय का विचार, झालं नसेल तर पहिले पैसे इथे घाल), मग चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि सोबत महिन्याचं प्रतिबंधक औषध. जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया राहतो, डॉक्सी त्याला मारते आणि जंत अशक्त होतो. मग महिनाभर थांबायचं. ६०व्या दिवशी पहिलं इंजेक्शन, ९०व्या आणि ९१व्या दिवशी दुसरं-तिसरं, सूज कमी ठेवायला प्रेडनिसोन हे स्टेरॉइड बरोबर चालू. तीन इंजेक्शनच्या पद्धतीत साधारण ९८ टक्के जंत मरतात, दोनच दिली तर ९० च्या आसपास.

आता तारखा बघ आणि मग पैसे मोज. चौदाशे डॉलर आज लागत नाहीत गं, आज लागते डॉक्सी आणि तपासणी, मोठा खर्च दोन महिन्यांनी आणि परत तीन महिन्यांनी. व्हेटला सरळ सांग की आत्ता माझ्याकडे एवढेच आहेत, टप्प्याटप्प्याने बिल करा. आपल्या लोकांना डॉक्टरसमोर पैशाचं बोलायची लाज वाटते, मग घरी येऊन गप्प बसतात आणि सहा महिने जातात. न लाजता आकडा सांग. आणि डॉक्सीचं प्रिस्क्रिप्शन लिहून माग, ते माणसांच्या फार्मसीत घे, तीच गोळी असते, कूपन लावलं की बऱ्याचदा क्लिनिकपेक्षा कमी पडते.

आणखी एक आतली गोष्ट सांगते. मेलार्सोमिनची पावडर ५० मिलिग्रॅमच्या बाटलीत येते. बंड्याला दर वेळी साधारण ६२ मिलिग्रॅम लागणार, म्हणजे दुसरी बाटली फोडायची आणि उरलेलं फेकायचं. पण मिसळलेलं औषध फ्रीजमध्ये अंधारात २४ तास ठेवता येतं, आणि शेवटची दोन इंजेक्शनं लागोपाठ दोन दिवशी असतात, तेव्हा चारऐवजी तीन बाटल्यांत भागतं का एवढं विचार. चांगला व्हेट आपणहून करतो, पण विचारायला काय जातं.

शेल्टरला फोन कर. आम्ही तुमच्याकडून नेला, पॉझिटिव्ह निघाला म्हणून सांग, बऱ्याच शेल्टरकडे याच आजारासाठी वेगळा फंड असतो किंवा त्यांच्या ठरलेल्या व्हेटकडे कमी दरात करून देतात. ना-नफा क्लिनिक असतात तिथेही विचार, दोन-तीन ठिकाणचे एस्टिमेट घे, फरक बघून चक्रावशील. पेट इन्शुरन्स आता काढून उपयोग नाही, आधीच असलेला आजार ते धरत नाहीत. केअरक्रेडिटचं कार्ड देतात क्लिनिकमध्ये, सहा किंवा बारा महिने बिनव्याजी म्हणून, घेतलंस तर शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिही, कारण त्या तारखेला थोडे जरी बाकी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज डोक्यावर बसतं.

आणि अगदीच नाही जमलं तर? डॉक्सी आणि दर महिन्याला मानेवर लावायचं मॉक्सिडेक्टिन, हा स्वस्त रस्ता आहे. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी पहिला पर्याय म्हणून तो सांगत नाही कारण जंत मरायला वर्ष किंवा जास्त लागतं आणि तोवर फुप्फुसांची नासाडी चालू राहते. पण काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरं, आणि हे माझं मत बरेच व्हेट खाजगीत मान्य करतील.

राहिली फुकटातली गोष्ट, जी सगळ्यात अवघड आहे. बंड्याला पळू द्यायचं नाही, आजपासून, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत. मेलेले जंत तुटून त्यांचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात, तेव्हा कुत्रा धावला, उड्या मारल्या की रक्ताचा जोर वाढतो आणि तिथेच घात होतो. इंजेक्शन चांगलं झालेलं आणि आठव्या दिवशी खारीमागे धावून दगावलेला कुत्रा मी पाहिलाय. तुझे सासरे रोज संध्याकाळी फिरवत असतील ना, त्यांना काम दे, फक्त शी-शूपुरतं बाहेर, आखूड पट्टा, तळ्याकाठची चक्कर बंद. घरात पट्टा डायनिंग टेबलच्या पायाला बांध, सोफ्यावर उडी नाही, बेल वाजली की आधी पट्टा हातात मग दार. चावायला गाजर फ्रीजरमध्ये टाकून दे, तासभर बसतो. खोकला वाढला, धाप लागली, ताप किंवा थुंकीत रक्त दिसलं की तसाच उचलून इमर्जन्सीला.

शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी परत टेस्ट. प्रतिबंधक औषध मात्र कायम, बाराही महिने, एकही महिना न चुकवता.

प्रश्न : सावंतवाडीहून लिहितोय. आमच्या लॅब्राडॉरला ताप होता, लॅबने रक्ताच्या काचेवर अळ्या दिसल्या म्हणून लिहिलंय. नेटवर वाचलं की हे हार्टवर्म आणि मेलार्सोमिनचं इंजेक्शन हवंच. कुठे मिळेल?

उत्तर : इंजेक्शन शोधायच्या आधी थांबा. काचेवर अळी दिसली म्हणजे हार्टवर्मच असं नाही. आपल्या देशात खरा हार्टवर्म ईशान्येकडे जास्त आढळतो, आणि खाली केरळच्या किनाऱ्यावर त्याचाच भाऊ डायरोफिलारिया रेपेन्स सापडतो जो कातडीखाली राहतो, हृदयात नाही (तोच कधीकधी माणसाच्या डोळ्यात निघतो). पिसवांमधून येणारी तिसरी जात आहे, ती बहुतेक निरुपद्रवी. कुठली ते ठरवायला अँटिजेन टेस्ट (रक्तात हार्टवर्मचं प्रथिन शोधणारी) करा, मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये रक्ताच्या एकाच नमुन्यात गोचिडताप आणि हार्टवर्म दोन्ही दाखवणारी किट असते, रेपेन्स असेल तर त्यात सहसा निगेटिव्ह येतं. तुमच्या कुत्र्याचा ताप मला तरी गोचिडांचा वाटतोय, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा आज.